चिंचेखालची जागा

बागेतल्या जुन्या चिंचेखाली निवांत कसं बसायचं, हे मला तिथं झाडू मारणाऱ्या मावशींनी शिकवलं. नवरा गेल्यानंतरच्या दिवसांत मी बागेला तरातरा फेऱ्या मारायचे. एकदा त्यांनी अडवलंच. "ताई, कोण मागं लागलंय? बसा इथं. लई जुनं झाड हाय, समदं ऐकून घेतं." तेव्हापासून रोज त्यांचं झाडून झालं की आम्ही दोघी अर्धा तास बुंध्याशी टेकायचो. बोलणं फारसं नसायचंच. बजाजनगरहून दोन रिक्षा बदलून येणाऱ्या त्या बाईला दिवसभरात तेवढाच विसावा होता.

गेल्या महिन्यात बागेत 'वनस्नाना'चं, म्हणजे झाडांच्या सहवासात मन शांत करण्याचं, शिबिर आलं. सुनेनं हौसेनं माझं नाव घातलं. झाडाला भेटायला नाव नोंदवायचं, इथंच माझं डोकं फिरलं होतं, तरी गेले. लोक अनवाणी चालणार म्हणून सकाळीच मावशींकडून सगळा पाचोळा झाडून घेतला होता. मग शिबिरवाल्या बाई डोळे मिटून म्हणाल्या, "पायाखालचा पाचोळा ऐका." ऐकणार काय, कप्पाळ! खाली नुसती माती. लगेच मावशींना हाक गेली, आणि भरून ठेवलेली पोती त्यांनी पुन्हा आमच्या पायाशी रिकामी केली. एकालाही लाज वाटली नाही. काम उरकून त्या सवयीनं बुंध्याशी टेकल्या, तर शिबिरवाल्या बाई म्हणाल्या, "मावशी, जरा लांब बसा, फोटोत येताय."

सगळ्यांना मौन होतं. मी ते मोडलं, चांगलं खणखणीत मोडलं. "ही जागा त्यांची आहे, पाहुणे तुम्ही आहात," असं सगळ्यांदेखत सुनावलं आणि ताठ मानेनं घरी आले. दिवसभर स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी मावशी चिंचेपासून लांब, फाटकापाशी उभ्या होत्या.

"तुम्ही बसा, ताई. कालच्या भांडणाची तक्रार गेली. साहेब म्हणले, कामावरच्या माणसानं झाडाखाली बसायचं नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायचं कुणाशी? त्यांचा विसावा माझ्याच तोंडानं घालवला होता. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्यापुरता पाचोळा ठिवलाय तिथं," त्या म्हणाल्या. "झाडला नाय."