वरच्या टोकावरचा बंद डबा

परबमामा गेले हे मला कंपनीच्या गेटवर कळलं. पेंट शॉपमधला डिसोझा सायकल धरून उभा होता. "मामा गेला रे..." एवढंच म्हणाला. भोंगा झाला, माणसं आत गेली, आम्ही दोघं तिथेच राहिलो. त्याला आता महिना होत आला.

मामा आमच्या कंपनीत फिटर. मूळचे मालवणकडचे, शिक्षण चौथीपर्यंत. मी करमाळ्याच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मुलुंडला आलो, स्टोअरमध्ये चिकटलो आणि संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील, म्हणजे आबा, बाजारात हमाली करत.

मामांना डोंगराचा नाद. मुलुंडच्या मागच्या रांगेत एक उंच टोक आहे. त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, आम्ही नुसतं वरचं टोक म्हणायचो. कारवीच्या दाटीतून दीड-दोन तास चढलं की एकदम उघडं व्हायचं. एका अंगाला विहार-तुळशीचं पाणी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि ठाण्याची खाडी, लांब ट्रॉम्बेचा डोंगर. हवा स्वच्छ असली तर गोराईपलीकडे समुद्राची रेघ. तिथला मामांचा एक नियम होता. पहिल्यांदा आलेल्यानं खाली पसरलेल्या वस्तीतून आपलं घर शोधून दाखवायचं. तोवर कोणी डबा उघडायचा नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो दसऱ्यानंतरचा रविवार. त्याच आठवड्यात मी शेवटच्या वर्षाला नापास झालो होतो. सोमवारी राजीनामा द्यायचा आणि गावी जायचं, हे ठरलं होतं. कागद खिशात होता. कोणाला सांगितलं नव्हतं.

"घर गावला?" मामांनी विचारलं.

"माझं घर गावाला आहे. ते इथून कसं दिसणार?"

"मगे हय काय झाडार रवतंस?"

बरोबर आलेला डिसोझा हसला. "लवकर शोध ना यार, भुकेनं वाट लागली माझी!" मी वैतागून समोरच्या एका लांब छपराकडे बोट केलं. मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. "ता बाळंतपणाचा हॉस्पिटल रे! थंय रवतंस तू?"

"अभिनंदन! मुलगा की मुलगी?" डिसोझा ओरडला.

मलाही हसू आलं... आणि मग डोळे भरून आले. मी सगळं सांगून टाकलं.  मामांनी तरीही डबा उघडला नाही. मग म्हणाले, "पुन्हा बस परीक्षेक. फॉर्म भरूक मी येतंय तुझ्यावांगडा. आता घर बघ." मी रुळांपासून सुरुवात केली, कंपनीची चिमणी धरली, तिथून गल्ली, गल्लीतून चाळ. सापडली. त्या दिवशीची त्यांची थंड भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी मी विसरलेलो नाही.

सोमवारी मामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कॉलेजच्या खिडकीपुढे माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. पुढच्या वर्षी मी पदवीधर झालो.

आबा मुंबई बघायला आले तेव्हा मी त्यांना मामांच्या खोलीवर नेलं. चहा पिता पिता आबांनी विचारलं, "पोरगं अभ्यासाला कसं होतं हो?" मी बशी खाली ठेवली. मामा शांतपणे म्हणाले, "तुमचो झील लय हुशार. एकदाव नापास नाय." आबा त्या दिवशी चाळीच्या जिन्यावर भेटेल त्याला हे सांगत सुटले. नंतर मी मामांना म्हटलं, "खोटं कशाला बोललात?" तर म्हणाले, "तू सांग ना खरा. तुझो बापूस. तुका सांगूक होया तेव्हा सांग."

सहा वर्षं झाली. सांगणं झालं नाही. मामा होते तोवर ती गोष्ट त्यांच्याकडे सुखरूप आहे असं वाटायचं.

आबांना वाचता येत नाही. सुट्टीत गावी गेलो की रविवारची पुरवणी मीच त्यांना वाचून दाखवतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पुरवणीत छापून आला की हा लेखही वाचून दाखवीन. मधलं काही गाळणार नाही.