करुणाचा प्रश्न कुणीच विचारला नाही

करुणाच्या नवऱ्याचा, प्रदीपभाऊंचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या आमच्या प्लेनो गावात इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये डिकीत पिशव्या ठेवत होते. "ताई, करुणा गेली," एवढंच ते म्हणाले. ऑफिसला निघताना छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं... मागे एक गाडी जागेसाठी थांबली होती, हॉर्न वाजवत होती, पण मला हलताच येईना. घरी पोचेपर्यंत आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी आलीसुद्धा होती. जोडलेले हात, दिवे, फुलं. 'एक लढाऊ मैत्रीण हरपली,' असं अध्यक्षांनी लिहिलं होतं. याच अध्यक्षांनी गेल्या वर्षी करुणाला या ग्रुपातून काढून टाकलं होतं. खरं सांगते, मला रडू नाही आलं, संताप आला. आज इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

करुणा नागपूरची, मी पुण्याची. आम्ही एकाच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो, व्हिसावर, शेजारशेजारच्या क्युबिकलमध्ये. कंपनीचा मालक भारतीय होता, गोड बोलणारा, सगळ्यांना बेटा म्हणणारा. आल्या आल्या त्यानं आमचे पासपोर्ट 'सेफ राहतील' म्हणून मागून घेतले आणि ऑफिसच्या कपाटात ठेवले. आम्ही दिले! दोघी इंजिनिअर, पण नव्या देशात आलो होतो, सगळेच देत होते म्हणून आम्हीही दिले. मग करुणाची आई गेली. करुणा रडत मालकाकडे गेली, तर तो म्हणाला, "बेटा, हे सॉफ्टवेअर रिलीज होऊ दे, मग जा." कपाटाची किल्ली त्याच्याकडे. तिकडे नागपुरात भावानं फोन आईच्या उशाशी धरला आणि इकडे पायऱ्यांवर बसून करुणानं कानाला फोन लावून बुद्धवंदना ऐकली. मी तिच्या शेजारी बसले होते. ती हुंदका दाबत बरोबरीनं म्हणत होती.

पुढे आम्ही दोघींनी ती नोकरी सोडली, यथावकाश सिटिझन झालो, घरं घेतली. तो मालक अब्जाधीश झाला, राजकारण्यांच्या डिनरना दिसायला लागला. आणि एके दिवशी बातमी आली, की राष्ट्राध्यक्षांनी याला एका देशात अमेरिकेचा राजदूत म्हणून नेमायचं ठरवलंय. आता फक्त सिनेटची समिती त्याला प्रश्न विचारणार आणि मग मतदान होणार. करुणानं लगेच फोन केला. "माधवी, ज्यानं आपले पासपोर्ट कोंडून ठेवले, त्याच्या हाताखाली आता व्हिसाची खिडकी देऊन राहिले हे लोक."

या नेमणुकीवरून वॉशिंग्टनमध्ये जुंपली होतीच. मालकानं कधीतरी विरोधी पक्षाच्या नेत्यांना शिव्या देणाऱ्या पोस्ट टाकल्या होत्या, त्यावरून टीव्हीवर रोज तमाशा चालला होता. पासपोर्टचं कुणाला माहीतच नव्हतं. करुणानं समितीतल्या एका विरोधी सिनेटरच्या ऑफिसला कळवलं. तिथल्या असिस्टंट पोरीनं तासभर ऐकून घेतलं, "सो पॉवरफुल," असं दहा वेळा म्हणाली, आणि सिनेटर हा प्रश्न नक्की विचारतील असा शब्द दिला. करुणाला बाकी काही नको होतं. नेमणूक रद्द करा, त्याला शिक्षा करा, असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा, एका श्वासात बोलता येईल एवढा: लोकांचे पासपोर्ट तुमच्या कपाटात का होते?

मंडळात हे कळल्यावर जे काही झालं ते आठवलं की आजही डोकं फिरतं. "आपला माणूस ॲम्बॅसडर होतोय आणि तू घरचं धुणं चव्हाट्यावर धुतेस?" असं अध्यक्ष तिला भर पॉटलकमध्ये, सगळे घरून डबे घेऊन जमलेले असताना म्हणाले. मंडळातले दुसऱ्या पक्षाचे लोक मात्र तिला डोक्यावर घेऊन नाचायला लागले, आमच्या झूमवर बोल, आमच्या रॅलीत बोल. एकाला ती गप्प हवी होती, दुसऱ्याला ओरडायला हवी होती. तिच्या आईचं नाव काय होतं, हे दोघांतल्या एकानंही विचारलं नाही. प्रदीपभाऊ तेव्हा घाबरले होते. "जाऊ दे ना, कायले वैर घेते," म्हणायचे. ती म्हणायची, "मी काय खोटं बोलून राहिली का?"

सुनावणीला आम्ही दोघी गेलो. करुणानं पांढरी साडी नेसली होती. पहाटेपासून रांगेत उभं राहून मागच्या ओळीत जागा मिळाली. प्रत्येक सिनेटरला पाच मिनिटं. पहिल्यानं मालकाची आरती ओवाळली, दुसऱ्यानं पोस्ट वाचून दाखवल्या, तिसऱ्यानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलं. मालक माफक हसत बसला होता; त्याला काय, आपसात भांडतायत तर भांडू देत. मग आमचे सिनेटर आले. करुणानं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. त्यांनी सुरुवात केली राष्ट्राध्यक्षांपासून, मग त्या पोस्ट, मग लोकशाही, मग समोरच्या पक्षाला लाज कशी नाही... कॅमेऱ्याकडे बघून, हात नाचवत. टेबलावर वेळेचा लाल दिवा लागला. "माझी वेळ संपली," ते म्हणाले आणि पाणी प्यायले. मला उठून त्यांची कॉलर धरावीशी वाटली. असिस्टंट पोरगी नंतर म्हणाली, सॉरी, आम्ही लेखी पाठवू. पाठवलं की नाही, देव जाणे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तर हद्द झाली. मालक लवाजम्यासकट आमच्यासमोरून चालला होता. साड्या नेसलेल्या दोन बायका बघून त्याला वाटलं, आम्ही त्याच्याच पाठीराख्या. हात जोडून म्हणाला, "आल्याबद्दल थँक यू, बेटा." त्यानं तिला ओळखलंसुद्धा नाही! तो गेल्यावर मी तिच्यावरच खेकसले, की अगं समोर होता, विचारायचंस ना? ती म्हणाली, "इथं तो काहीबी बोलंल, हसून निघून जाईल. मले माइकसमोर पाहिजे होतं, माधवी. रेकॉर्डवर. उद्या कुणी शोधलं तर सापडलं पाहिजे, की असा प्रश्न होता."

मतदान झालं. एका पक्षाची सगळी मतं बाजूनं, दुसऱ्याची सगळी विरोधात, आणि तो राजदूत झाला. आमच्या सिनेटरना त्या भाषणाबद्दल टीव्हीवर शाबासकी मिळाली. मंडळानं दिवाळीत राजदूतसाहेबांचा सत्कार केला. दर वर्षी सूत्रसंचालन करणाऱ्या करुणाला 'या वेळी नवीन लोकांना चान्स देऊ' म्हणून कळवलं, आणि तिनं ग्रुपवर 'त्यांना प्रश्न विचारायला वेळ ठेवलाय का?' एवढंच लिहिलं, तर तिला काढून टाकलं. रॅलीवाल्यांचे फोन त्याआधीच बंद झाले होते. मतदान झालं, आता तिचा उपयोग काय?

आणि ती गेल्यावर मंडळाची शोकसभा. दोन्ही पक्षांचे लोक शेजारीशेजारी बसले होते, एकमेकांना चहा देत. अध्यक्षांनी डोळे पुसत तिच्या लढाऊपणाचं कौतुक केलं. मी मध्येच उठले, "आता तरी थापा मारू नका," म्हणाले आणि बाहेर पडले. कुणाला राग आला असेल तर येऊ दे.

परवा प्रदीपभाऊंकडे गेले होते. ओट्यापाशी करुणाचा फोन चार्जिंगला लावलेला होता, चालू. मी असतानाच तो वाजला. त्या सिनेटरांच्या प्रचाराचा मेसेज. करुणानं त्यांच्या ऑफिसला नंबर दिला होता ना, तेव्हापासून येतात म्हणे. 'करुणा, तुमचा आवाज आम्हाला हवा आहे. तुम्ही आमच्यासोबत आहात ना?' खाली, बंद करायचं असेल तर स्टॉप लिहा. माझं टाळकंच सटकलं. मी स्टॉप लिहायला फोन उचलला, तर प्रदीपभाऊंनी मला थांबवलं. "राहू द्या ताई. मी उत्तर देऊन राहिलो रोज."

त्यांनी मेसेज वर सरकवून दाखवले. प्रत्येक मेसेजखाली, करुणाच्या नंबरवरून, इंग्रजीत तेच एक वाक्य. लोकांचे पासपोर्ट कपाटात का होते, हे तुम्ही का विचारलं नाही? आणि प्रत्येकाखाली मशिनचं उत्तर: 'थँक यू, करुणा.' वैर कशाला घेते म्हणणारा हा माणूस...

"आज तुम्ही लिहा," ते म्हणाले. मी लिहिलं. डोळ्यांपुढे अक्षरं धूसर झाली होती, तरी एकही शब्द न गाळता लिहिलं आणि पाठवलं. उत्तर लगेच आलं.

"काय म्हणते?" प्रदीपभाऊंनी विचारलं.

"थँक यू, करुणा."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चार्जरची पिन नीट बसवली आणि म्हणाले, "उद्या परत विचारू."