पोडु की पोदुम

माझा घण खाली आला आणि कडीला चीर पडली. मुरुगेसन मेस्त्रींनी सांडशी खाली ठेवली.

चेन्नईजवळ ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटीत होतो. लोकांचे पार्ट रिजेक्ट करण्यात जन्म गेला, स्वतःच्या हातानं एकही बनवला नव्हता. म्हणून रिटायर झाल्यावर मेस्त्रींकडे लोहारकाम शिकायला जाऊ लागलो. जुन्या घरांच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या ते अजून ठोकून बनवतात.

ही कडी एग्मोरच्या सरोजाबाईंची. मूळच्या तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या वडिलांनी दाराला बसवलेली कडी टोकाला झिजून कोयंड्यात अडकेनाशी झाली होती. नवी नको, हीच नीट करा, एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी न्यायला येणार होत्या.

टोक ठोकून लांबवायचं होतं. मेस्त्री सांडशीत कडी धरणार, मी घण मारणार. लोखंड नारिंगी असेतोवर मारायचं. रंग उतरला की थांबायचं, नाहीतर तडकतं. मेस्त्री ‘पोडु’ म्हणाले की मार, ‘पोदुम’ म्हणाले की पुरे. माझं तमिळ कामापुरतं, त्यात भट्टीच्या ब्लोअरची घरघर.

“मला पोडु ऐकू आलं,” मी म्हणालो.

“रंग दिसला नाही, सार?”

दिसला होता हो! चांगला काळपट पडलेला दिसला होता. पण सांगितलं म्हणून मारलं. कारखान्यात कुणी हे कारण दिलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

मेस्त्रींनी तडकलेलं टोक कापलं. नवा तुकडा आणि कडी दोन्ही पांढरंफेक तापवून एकमेकांवर ठेवली. सांध्यावर मी घण मारायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. आता तोंडी हुकूम बंद, पुरे झालं की ते ऐरणीवर हातोडीनं टकटक करणार होते. मी डोळे रंगावरून हलवले नाहीत. टकटक व्हायच्या आधीच थांबलो. मेस्त्री नुसते हसले.

सरोजाबाई आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं.

“आणि कापलेलं कुठाय?”

मी भंगारातून शोधून दिलं. बोटाच्या पेराएवढा तडकलेला तुकडा. त्यांनी तो रुमालात बांधला, कडीबरोबर पर्समध्ये ठेवला आणि निघाल्या.

तीस वर्षांत मी रिजेक्ट केलेला एकही पार्ट कुणी असा घरी नेला नव्हता.