पडदा की कापड?

मंडळी, आज अखेर मोकळा श्वास घेतला.

नरडाण्यात आमचा खिडक्यांचे, पाइपवर गुंडाळले जाणारे पडदे बनवायचा छोटा कारखाना आहे. परदेशातून मागवलेलं कापड बंदरावर अडकलं होतं. कस्टमला वाटलं हे तयार पडदे आहेत, म्हणजे वर्गीकरण वेगळं आणि ड्युटी जास्त. इकडे धुळ्यातलं डोळ्यांचं हॉस्पिटल पडद्यांसाठी थांबलेलं.

दुपारी ऑनलाइन सुनावणी झाली. भागीदार सलीमभाईंनी त्याच कापडाचा जुना रोल कॅमेऱ्यासमोर उलगडायला घेतला, तो थेट दाराबाहेर गेला.

"अहो, संपणार कधी हे?" अधिकारी मॅडमनी विचारलं.

"मॅडम, एवढा पडदा कोणाच्या खिडकीला बसेल? कापून पाइप लावल्याशिवाय याचा पडदा होत नाही," सलीमभाई म्हणाले.

मॅडम हसल्या. "बरं, कापडच धरते."

आत्ताच माल सुटल्याचा मेसेज आला. रोल अजून आवारभर पसरलाय. नरडाण्यात कोणी असाल, तर गुंडाळायला येता का?