हिरव्या पुड्यांचा पहारा

तैवानातल्या कांगशानमध्ये, कुओंच्या स्क्रू कारखान्यात लियाओ यिन-ल्यान नोकरीला लागली ती बिल्ट्या टाइप करायला. मग पहिला संगणक आला. बाकीच्या बायका त्याला हात लावायला बिचकत होत्या, आणि हिला तो उघडून आत काय आहे ते बघायचं होतं. बघितलंच. तेव्हापासून एकतीस वर्षं, कुठलीही स्क्रीन रुसली की कारखान्यात एकच हाक जाते, ल्यानताईंना बोलवा. पदवी नाही, कसला कोर्स नाही. आहे तो हट्ट, आणि तोही असा की नवऱ्याने केव्हाच हात टेकले.

ऑर्डरी, साठा, रवानगी, सगळं काम आता ब्राउझरमध्ये चालायचं आणि ते यायचं ल्यानताईच्या खोलीतल्या एका सर्व्हरवरून. गेल्या वर्षभरात एकेक स्क्रीन उघडायला चाळीस सेकंद लागायला लागले. ऐकायला थोडे वाटतात. पण एका गाडीच्या कागदांना अशा पंधरा स्क्रीन लागतात. ट्रकवाला समोरच्या ठेल्यावर जायचा, शेळीच्या मटणाचं सूप मागवायचा, संपवायचा, दात कोरत परत यायचा, आणि रवानगीचे हुआंगदादा अजून त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसलेले असायचे.

म्हाताऱ्या कुओ मालकांनी कारभार मुलाच्या हाती दिला होता. हा बो-यान, बत्तीस वर्षांचा, नीटनेटका, आकड्यांशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. वाईट मुलगा नव्हे. त्याने खोलीत येऊन सरळच सांगितलं.

"ल्यानताई, तैपेईच्या एका कंपनीशी बोललोय. ते सगळं त्यांच्याकडे हलवतात. ही खोली बंद करू. तुम्हाला गोदामात बसवू, मोजणीला."

"आणि मी हेच यंत्र वेगानं चालवून दाखवलं तर?"

"किती वेगानं?"

"स्क्रीनला तीन सेकंद."

बो-यानने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "तीन आठवडे देतो. लागतील ते सुटे भाग मागवा. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी दोनला, साठही जण कामावर असताना मोजू. तीनच्या वर गेलं तर सोमवारी मी सही करणार."

इतकी वर्षं जपलेली खोली सोडून स्क्रू मोजत बसणं तिला मान्यच नव्हतं. तिने कंबर कसली.

मेमरी दुप्पट केली. जुन्या फिरत्या डिस्क काढून नव्या, न फिरणाऱ्या बसवल्या. प्रत्येक स्क्रीनबरोबर तीच ती चित्रं पुन्हा पुन्हा पाठवली जात होती, ती एकदाच पाठवून ब्राउझरला जपून ठेवायला लावली. साठ माणसांच्या मागण्या एका वेळी आठच आत घेतल्या जात होत्या, बाकीच्या रांगेत. तो आकडा वाढवला. दर बदलानंतर स्टॉपवॉच घेऊन रवानगीत जायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. एका वेळी एकच बदल. दोन केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही, हे ती स्वतः ठेच लागून शिकली होती. चाळीसाचे वीस झाले, विसाचे नऊ, नवाचे दोन.

पण हे सकाळी. जेवणाची सुट्टी संपून साठही जण कामाला बसले की दीडपासून चढत चढत पंचवीस. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना.

हुआंगदादांचा उपाय केव्हाचा चालूच होता. नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा जवळ ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पुडा हिरवाच हवा, मुदत उलटलेला नको, आणि कुणी फोडून खाल्ला तर आटोपलंच. सर्व्हरवर पहिला पुडा सहा वर्षांपूर्वी ल्यानताईनेच ठेवला होता. गेल्या वर्षी स्क्रीन जराशा मंदावल्या तशी रवानगीची मंडळी आणखी पुडे आणायला लागली. वरची जागा संपल्यावर ते समोर चिकटवले गेले, आणि टेप धरायला ल्यानताईच उभी होती.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी तिने प्रोसेसरच्या तापमानाची नोंद काढली. हे आधीच बघायला हवं होतं, पण खोलीतला एसी बावीसवर, मग तापेल कसं, असं ती धरून चालली होती. आकडे बघून ती उठलीच. रोज दीडनंतर प्रोसेसर भयंकर तापत होता आणि जळू नये म्हणून आपणच आपला वेग निम्म्याहून खाली आणत होता. ती सर्व्हरसमोर गुडघ्यांवर बसली. थंड हवा आत शिरते ती समोरच्या जाळीतून. जाळीवर अकरा हिरवे पुडे दाटीवाटीने बसले होते. यंत्र मंदावलं की पुडा, आणि पुडा लागला की यंत्र आणखी मंद. वर्षभर हाच खेळ. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

गुपचूप काढले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. श्रेय मेमरीला आणि डिस्कला गेलं असतं, खोलीही वाचली असती. पण मग वहीत काय लिहायचं? तिने पुड्यांना हात लावला नाही. दोन वाजायची वाट बघितली.

"सव्वीस," बो-यानने घड्याळ थांबवलं. "ल्यानताई, आपलं ठरलं होतं."

"अजून संपलं नाही. खोलीत चला. दादा, तुम्हीपण या."

तिने पहिला पुडा उपटला तसे हुआंगदादा पुढे आले. "अगं, आजच्या दिवशी काढतेस? डोकं ठिकाणावर आहे ना? रुसेल तो."

"वर्षभर आपण त्याचं नाक दाबून धरलंय, दादा." अकराही पुडे निघाले, तशी ती बो-यानकडे वळली. "मेमरी आणि डिस्क लागतच होत्या, सकाळचे आकडे वहीत आहेत. दुपारचा घोळ मात्र माझा. टेप मी धरली होती. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं."

हुआंगदादांनी घसा खाकरला. "अकरातले सात माझे आहेत. सगळं तिच्या एकटीच्या माथी मारू नका."

पाच मिनिटांत पंख्यांची घरघर उतरली. तिघे रवानगीत गेले. हुआंगदादांनी बटण दाबलं. दोन सेकंद. पुढची स्क्रीन, दोन. पंधराही संपल्या, कागद छापून बाहेर पडले, आणि ट्रकवाल्याला ठेल्यावरून हाक मारून बोलवावं लागलं.

"हे काय, माझं सूप अर्धं राहिलं," तो कुरकुरला.

"उद्यापासून डबा बांधून घे," हुआंगदादा म्हणाले.

बो-यान तेवढ्यात कुठेतरी गेला होता. ल्यानताई खोलीत परतली, वही उघडली आणि लिहिलं: अकरा पुडे काढले, सव्वीसाचे दोन. जीव मात्र टांगणीलाच होता. कबुली दिलेल्या माणसाला गोदामात बसवायला कितीसा वेळ लागतो?

तो आला तो फाटकाजवळच्या दुकानातून. हातात एक हिरवा पुडा, त्यावर जाड पेनाने लिहिलेलं: ल्यानताईंचं ऐकायचं.

"मुदत बघून घेतलाय," तो म्हणाला. "तैपेईलाही फोन केला. सोमवारी येऊ नका म्हटलं. हा कुठे ठेवू?"

तिने टेबलावरची वही जरा बाजूला सरकवली.

"इथे ठेवा," ती म्हणाली. "माझ्याजवळ."