गिनती पूर्ण होती

भुताखेतांच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतला मी एक. इथे लोक लिहितात ते अनुभवही वाचतो, पण चहाबरोबर वेळ जावा म्हणून. उज्जैनच्या एका कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय, त्यामुळे कुणी 'सावली दिसली' म्हटलं की मी आधी दिवा कुठे होता ते विचारतो. तरी आज हे लिहितोय, कारण घरात बोलायची सोय नाही.

माझे थोरले साडू नंदूभाऊ फ्रीगंजमधल्या एका बँकेत होते. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. ट्रेकिंगचं खूळ त्यांनीच माझ्या डोक्यात भरलं. आमचा सात जणांचा ग्रुप दर रविवारी सकाळी माधव नगरहून भैरवगढपर्यंत चालायचा, आणि ग्रुपचा एक नियम होता – गिनती. सगळ्यांत पुढे असलेले राठौर भैया दर पंधरा मिनिटांनी "गिनती" म्हणून ओरडायचे, की ओळीने प्रत्येकाने आपला नंबर द्यायचा. थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. सात ऐकू आलं की चला पुढे. मी सहा, नंदूभाऊ सात. भर रस्त्यात आमची ही शाळा बघून लोक हसायचे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही मनालीच्या वरच्या बाजूची एक खिंड ओलांडत होतो. ट्रेकचा चौथा दिवस, उंची तेरा हजार फुटांच्या आसपास, दुपारचे साडेबारा. उतरायला लागलो आणि हवा बिघडली... आधी गारा, मग बर्फ, आणि वारा असा की पुढच्या माणसाची जेमतेम पाठ दिसावी. त्यात मला लघवीला जायचं होतं. काय करणार, थंडीत आवरत नाही. वाटेलगत एक मोठा खडक होता.

"नंदूभाऊ, दोन मिनिटं थांबता का?"

"अरे जा ना यार, मी उभा आहे इथेच. तुला सोडून कुठे जाणार?"

दोनाच्या जागी तीन मिनिटं लागली असतील. बाहेर आलो तर वाटेवर कुणी नाही. हाका मारल्या, शिट्टी वाजवली. पावलांचे ठसे बुजत चालले होते. घाईत उतरायला गेलो, घसरलो आणि गुडघा मुरगळला. सरपटत परत खडकाच्या आडोशाला आलो. मनात म्हटलं, घाबरायचं नाही. आता गिनती होईल, सहा येणार नाही, लोक परत फिरतील.

आणि गिनती झाली. खालून वाऱ्याबरोबर स्पष्ट ऐकू आली. एक... दो... तीन... चार... पाँच...

मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालूनच आवाज आला – "छह."

तो माझा आवाज होता. वर्गात बोलून बोलून बसलेला, माझाच. मागोमाग नंदूभाऊंचा "सात" आला, आणि मग नुसता वारा.

मी तिथे साडेतीन तास होतो. बोटांची जाणीव गेली. मुलीचा चेहरा नीट आठवेना, तेव्हा मात्र रडलो. शेवटी आमचा गाइड बलबीर वर आला. कॅम्पवर सूप वाटताना एक मग उरला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं होतं.

खाली राठौर भैया हात जोडून उभे होते. "सर, पाँच बार गिनती हुई. पाँचों बार आपने छह बोला. कसम से." बाकीचे चौघेही तेच सांगत होते.

नंदूभाऊ म्हणाले, "तू तर लगेच आलास ना खडकामागून. माझ्या पुढे चालायला लागलास. तोच तुझा निळा पावसाळी पोंचो."

कुणी खोटं बोलत नाही, यावर मी विश्वास ठेवला. विरळ हवा, थकवा, प्रतिध्वनी... विद्यार्थ्यांना समजावतो तसं स्वतःला समजावलं. पण सहा माणसांना पाच-पाच वेळा एकच भास? आणि वर बसलेल्या मलाही? ते काही पटेना.

गेल्या महिन्यात एका सकाळी आम्ही दोघं पोहे-जिलेबी खायला गेलो होतो. मी सहज विचारलं, "जवळून कसा दिसत होता हो तो?"

नंदूभाऊंनी पोह्यांवरची शेव चमच्याने बाजूला सारली.

"अनिल, खरं सांगू? पहिल्या गिनतीनंतरच मला समजलं होतं, हा तू नाहीस. तीन-चारदा नावाने हाक मारली. वळलाच नाही. नुसता नंबर द्यायचा."

"मग बलबीरला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर परत वर जावं लागलं असतं ना... हात सुन्न पडले होते यार माझे."

मी पोहे तसेच ठेवून उठलो. बायकोला हे सांगता येत नाही, तिच्या सख्ख्या बहिणीचा संसार आहे तो. दिवाळीला नंदूभाऊ घरी येतील, मी "या, बसा" म्हणेन.

माझ्या जागी कोण चालत होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, मी हसणार नाही. पण खरं सांगतो, त्याचा मला राग नाही. त्याची माझी ओळखदेखील नव्हती. नंदूभाऊंची होती, चोवीस वर्षांची. आणि पुढे चालणारा मी नाही हे कळल्यावरही, त्यांनी आणखी चार वेळा "सात" म्हटलं.