मंडळीच्या संमतीने

तिला सगळे कात्री म्हणत. एक तर बसथांब्यामागच्या गल्लीत तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. आणि दुसरं कारण म्हणजे तिची जीभ. शेजारचा किल्लीवाला नव्या गिऱ्हाइकांना दारातच सांगायचा, "केस झकास कापते, पण वाद घालायला गेलात तर कानही हातात घेऊन बाहेर याल." हे ऐकलं की कात्री खूश व्हायची. म्हणायची, जाहिरात फुकट होतेय, होऊ दे.

तिचा नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. चर्चच्या गायकवृंदात त्याचा आवाज सगळ्यात भारदस्त. प्रार्थना संपली की पहिलं 'आमेन' त्याचं, आणि मग त्यामागे सगळ्यांचं. घरात मात्र त्या आवाजाला एवढंच काम होतं: "जाऊ दे ना." दूध नासलं, जाऊ दे ना. भाडेकरू पळाला, जाऊ दे ना. कात्री म्हणायची, "या माणसाला जाऊ द्यायला आणखी काही उरलंय का घरात?"

आणि तिचा धाकटा दीर चर्चचा खजिनदार होता. त्याचं रंगांचं आणि खिळ्या-स्क्रूंचं दुकान. चर्चला येणाऱ्या सगळ्या माणसांना मिळून आपण मंडळी म्हणतो ना, तशी हा जुन्या वळणाचा माणूस बायकोलाही मंडळीच म्हणायचा. "आज आमची मंडळी माहेरी गेलीय," असं म्हणून आपणच हसायचा. आता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला चोर समजाल: चोर नव्हता हो तो. चर्चच्या पैशातून त्याने कधी चहासुद्धा प्यायला नसेल. त्याचा रोग वेगळा होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! दुसऱ्यांनी ज्या कामासाठी पैसे दिले ते काम बाजूला ठेवून, आपल्याला जे भारी वाटेल त्यावर खर्च करायचे, आणि वर 'देवाच्याच कामाला लागले ना' म्हणायचं. हा रोग चोरीपेक्षा वाईट, कारण चोराला निदान लाज तरी वाटते.

गोष्ट सुरू झाली ती घंटाकाकांपासून. काका चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे आणि मागच्या एका खोलीत एकटेच राहायचे. गीतांचे आकडे फळीवर लावायचं कामही त्यांचंच. एका रविवारी त्यांनी सहाच्या जागी नऊ लावला. पाळक पुस्तकातून एक गीत म्हणतायत, मंडळी फळी बघून दुसरंच म्हणतेय, पेटीवाला बिचारा मध्ये सापडलेला. पुढच्या बाकांवर लग्नाचं गीत आणि मागच्या बाकांवर मयताच्या मातीचं! सगळे पोट धरून हसले. काकाही हसले.

कात्री हसली नाही. उपासना संपल्यावर तिने काकांना विचारलं, "काका, मी कोण?"

"अगं, तू कात्रीच की. आवाजावरून ओळखलं."

"आवाज सोडा. दिसते का मी?"

काकांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "तू कुठली गं साडी नेसलीस, ते नाही कळत."

ती साडी नेसलीच नव्हती.

सोमवारी दुकान बंद असतं. ती काकांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजव्यातला तर पिकून पार गच्च झालेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन लवकर करा. उजव्याला आणखी उशीर झाला तर मग मी काही करू शकेन असं वाटत नाही."

कात्रीने आरशासमोर एक रिकामी बरणी ठेवली. तिच्या खुर्चीत बसणाऱ्या बायका म्हणजे सगळ्या जातीधर्माच्या, अर्ध्याअधिकांनी चर्च आतून पाहिलेलंही नव्हतं. पण मान खाली घालून, गळ्याभोवती कापड गुंडाळून बसलेलं माणूस ऐकून घेतं. ती काकांचं सांगायची, सहाचे नऊ कसे झाले तेही सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "डोळ्यांचे आहेत. दुसऱ्या कशाला जाणार नाहीत. माझा शब्द." बायका बरणीत पैसे टाकायच्या. दर महिन्याला येणारी एक नर्स होती, रात्रपाळी करून थेट केस धुवायला यायची, तिने तर पाकीटच उलटं केलं.

बरणी भरल्यावर कात्री ती दिराच्या दुकानात घेऊन गेली. बाकीची रक्कम चर्च घालणार होतं आणि दवाखान्याशी व्यवहार चर्चच्या नावाने व्हायचा होता. "भाऊजी, हे डोळ्यांचे," ती म्हणाली.

"वहिनी, डोळे मिटून विश्वास ठेवा," दीर म्हणाला. आणि ठेवला की तिने! आपल्याच घरातला माणूस, आपलंच चर्च. डोळे मिटूनच ठेवला.

पुढे काही हालचाल होईना. तारीख कधी, असं विचारलं की दीर म्हणायचा, चाललंय, चाललंय. इकडे आरशातून बायका विचारायच्या, "काकांचं काय झालं गं?" तीही म्हणायची, चाललंय, चाललंय. आणि एका रविवारी ती चर्चमध्ये शिरते तो काय, चारही भिंतींवर एकेक काळा कुळकुळीत स्पीकर! पाळकांचा आवाज असा दुमदुमला की मागच्या बाकावरची तान्ही पोरं दचकून रडायला लागली. खाली काका भिंतीला हात लावत लावत घंटेच्या दोराकडे चालले होते.

दुसऱ्या दिवशी दिराचं दुकान उघडायच्या आधीच ती त्याच्यासमोर उभी. "भाऊजी, स्पीकर कुठल्या पैशातून आले?"

"वहिनी, बसा तरी. निधीतूनच आले. डोळ्यांचं पुढच्या वर्षी बघू. आवाज मागपर्यंत पोचत नव्हता, लोक दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागले होते. आणि मी एकट्याने थोडंच केलं? मंडळीच्या संमतीने केलं."

"कधी दिली मंडळीने संमती?"

"गेल्या महिन्यात. मीच तर प्रार्थनेत मांडलं होतं. 'हे प्रभू, आमच्या हाती जमलेला निधी तुझं वचन दूरवर पोचवण्यासाठी आम्ही खर्च करू इच्छितो.' सगळे आमेन म्हणाले. इतिवृत्तात तशी नोंद आहे." मग हळूच म्हणाला, "तुम्हीपण म्हणालात. मी ऐकलं."

कात्रीला ते नाकारता येईना. कारण म्हणाली होती ती. दीर प्रार्थनेला उभा राहिला की चुलीवर भात ठेवून यावं इतका वेळ चालायचं, आणि त्या दिवशी ती डोळे मिटून संपलेल्या मेंदीचा आणि केसांच्या रंगांचा विचार करत होती. नवऱ्याचं आमेन ऐकू आलं आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. सगळ्यांचं तसंच. प्रार्थनेतला शब्द न् शब्द कोण ऐकतं हो? आपण देवाशी बोलतोय असं समजून मान हलवायची, आणि इकडे खजिनदार आपल्याकडून सही घेऊन मोकळा!

 "देवाला हात जोडायला लावून आमचा खिसा कापलात तुम्ही," एवढंच म्हणाली आणि निघाली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकलं. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "भाऊ आहे. चर्चचं आहे. बाहेर बोभाटा झाला तर आपलंच नाक कापलं जाईल."

"डोळा काकांचा जाईल," कात्री म्हणाली. "तुमचं नाक राहील, काळजी नको."

त्या रात्री त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. जाऊ दे ना मात्र परत म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा होती. कात्री पहिल्या बाकावर. दिराने जमाखर्च वाचला, माईकपाशी येऊन वाचला, "मंडळीच्या संमतीने," आणि पान उलटणार तोच ती उभी राहिली.

"एक विचारायचंय. मंडळी म्हणजे कोण?"

"म्हणजे काय वहिनी? आपण सगळे."

"तसं नाही. तुम्ही घरात मंडळी म्हणता ती आमची जाऊबाई. म्हटलं, त्यांच्याच संमतीने झालं की काय."

हशा उसळला. जाऊबाई तिसऱ्या बाकावरून मोठ्याने म्हणाली, "मलासुद्धा नाही विचारलं गं बाई!" आणि हशा दुप्पट झाला. दीर लालबुंद.

पाळक पुढे आले. माणूस मऊ, भांडणाला भिणारा. माईकमधून म्हणाले, "ताई, देवाच्या घरात आवाज चढवू नये."

"आवाज मी चढवला का? तुम्हीच चढवलाय, चार भिंतींवर." कुणी हसायच्या आत तिने काकांकडे बोट दाखवलं. "ते पैसे मी दुकानात बरणी ठेवून जमवले. या चर्चची पायरी न चढलेल्या बायकांनी दिले, काकांच्या डोळ्यांसाठी. मी शब्द दिला होता. कुणाला विचारून तुम्ही ते वळवले? डोळे मिटलेल्या माणसांना?"

मागून चर्चच्या कमिटीतले एक म्हातारे, ज्यांना चर्चमध्ये 'वडील' म्हणतात ते, म्हणाले, "अगं, पण देवाच्याच कामाला लागले ना?"

"काकांना दिसणं हे कुणाचं काम मग? सैतानाचं?"

 काका घंटेच्या दोरापाशी उभे होते, मान खाली घातलेली, आपल्यामुळे हे सगळं होतंय म्हणून मेल्याहून मेले झालेले. ते पुटपुटले, "राहू दे गं पोरी, माझं काय." आणि त्या 'माझं काय'ने तिचा उरलासुरला संकोच जळून गेला.

पाळकांना ओळखीची एकच वाट होती. "आपण प्रार्थना करून हा विषय मिटवू," ते म्हणाले. माना खाली गेल्या, डोळे मिटले. कात्री ओरडली, "डोळे उघडे ठेवा! ऐका नीट, आणि मग काय म्हणायचं ते म्हणा."

काहींनी उघडले. पाळक सुरू झाले होते, त्यांना थांबता येईना. "हे दयाळू पित्या, झाला तो खर्च तुझ्या गौरवासाठी मान्य करून घे, आमच्यातला कडवटपणा काढून टाक, आणि हा विषय इथेच..." आवाज चारही भिंतींवरून येत होता, शब्द न् शब्द स्वच्छ. स्पीकर खरंच चांगले होते, खोटं कशाला बोला. प्रार्थना संपली. पाळक थांबले.

सगळे ज्या पहिल्या आमेनची वाट बघत होते, ते आलं नाही. कात्रीचा नवरा गायकवृंदात उभा होता, हात मागे बांधून, ओठ घट्ट मिटून, डोळे टक्क उघडे. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. तो हलला नाही. मग कुणीच म्हणालं नाही. पाळकांनी पुन्हा हळूच 'आमेन?' म्हटलं, विचारल्यासारखं, आणि जाऊबाई म्हणाली, "नाही." मग मागचे म्हणाले, नाही. म्हातारे वडीलही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या चर्चमध्ये प्रार्थनेला नाही म्हटलं गेलं, आणि छप्पर काही कोसळलं नाही.

स्पीकर दुकानदाराने परत घेतले, पण पडत्या किमतीत. फरक कमिटीने आपल्या खिशातून भरला. दिराने सगळ्यात जास्त, तोंड वाकडं करत का होईना. काकांचा उजवा डोळा वेळेत झाला. कात्रीला मात्र महिला मंडळाच्या चिटणीसपदावरून काढलं, 'मंडळीत फूट पाडणारी' म्हणून. ती म्हणाली, काढा, माझी एक संध्याकाळ वाचली.

पण तिचं अजून संपलं नव्हतं. तिने दिराला शनिवारी दुकानात बोलावलं, गर्दीच्या वेळी.

"आता आणखी काय वहिनी? ऑपरेशन झालं ना? पैसे भरले ना?"

"काकांचा डोळा झाला. माझा शब्द कुठे झाला? या बायकांना महिनाभर मी चाललंय, चाललंय सांगत होते. काय चाललं होतं, ते तुम्ही सांगा."

दीर मध्ये उभा राहिला. एका खुर्चीत एकीच्या डोक्याला रंग थापलेला, दुसरीत ती नर्स, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. बाकावर आणखी चौघीजणी. रंगाच्या दुकानात तासन्‌तास बोलणारा माणूस, पण इथे शर्टाचं बटण चाळवत राहिला. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, "मी चर्चचा खजिनदार. काकांच्या डोळ्यांसाठी तुम्ही दिलेले पैसे आम्ही तुम्हाला न विचारता दुसरीकडे खर्च केले होते. आता भरून दिलेत. पण म्हणजे, खाल्ले नव्हते हो. देवाच्या कामालाच..."

"भाऊ," नर्स आरशातून म्हणाली, "मी तुमच्या देवाला दिलेच नव्हते. मी त्या म्हाताऱ्या बाबांना दिले होते."

दीर वहिनीकडे बघायला लागला. घरातला माणूस, सांभाळून घेईल काहीतरी बोलून.  कात्रीने नर्सच्या डोक्यावरचा पंचा काढला, कंगवा घेतला आणि पायानेच एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसून घ्या भाऊजी," ती म्हणाली. "अजून बऱ्याचजणी यायच्यात."